चंद्राची बैठक

“गेला,” हैबतराव म्हणाले. दुर्बिणीवरचा डोळा काढून त्यांनी काळुरामकडे असं पाहिलं, जणू चंद्र काळुरामच्याच खिशात गेला होता.

काळुरामने वाकून दुर्बिणीखालचा चौथरा पुन्हा तपासला. विटा, सिमेंट, मधोमध लोखंडी कांब. हैबतरावांच्या रोह्यातल्या या गच्चीवर तो त्याने स्वतःच्या हाताने बांधला होता. जोह्याच्या काळुरामने मूर्तीखाली घातलेली बैठक हलत नाही, हे अख्ख्या पेण तालुक्याला ठाऊक होतं. त्याचे गणपती ट्रकमध्ये बसून नागपूरपर्यंत जात. “मूर्तीचं बोट हललं नाय कधी,” हे वाक्य तो गिऱ्हाइकाला चहाच्या आधी ऐकवायचा, आणि चहा झाल्यावर परत.

आज त्या वाक्यावर लेकीचं लग्न येऊन बसलं होतं.

हैबतरावांनी निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली ती दुकानातली सगळ्यात लांब बघून. दुकानदार सांगत होता, सुरुवातीला लहान घ्या. पण हैबतराव आयुष्यभर साहेब होते, लहान घ्यायची सवय नव्हती. सोबत आलेलं तीन पायांचं स्टँड म्हणजे बगळ्याचे पाय. पहिल्याच वाऱ्यात दुर्बीण आडवी झाली आणि कठड्यावरून खाली जाता जाता राहिली. त्याच सुमाराला त्यांच्या मुलासाठी काळुरामच्या सरूची बोलणी चालली होती. हैबतरावांनी होणाऱ्या व्याह्यालाच कामाला लावलं. “माणसाच्या कामावरून मी त्याचं घर ओळखतो,” ते म्हणाले. “चंद्र जागेवर उभा राहिला, की सुपारी फोडू.”

काळुरामला हे स्थळ हवं होतं. त्याच्या बायकोला, हौसाला तर फारच. सरू धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये होती. जोह्याहून एसटीने जाता येता पोरीची हाडं खिळखिळी व्हायची. रोह्यात पडली तर कंपनी हाकेवर.

म्हणून दिवाळीनंतरच्या अष्टमीला, दिवेलागणीनंतर, सगळे गच्चीवर जमले होते. नवरामुलगा दत्तात्रेय बॅटरी धरून उभा होता. लग्न त्याचं असल्यामुळे त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

हैबतरावांनी पुन्हा चंद्र धरला. चंद्र पुन्हा हळूहळू कडेला गेला आणि नाहीसा झाला.

काळुरामने तांब्या मागवला, काठोकाठ भरला आणि चौथऱ्यावर ठेवला. मग चौथऱ्याला बुक्का मारला. दत्तात्रेयला खांदा लावायला सांगितलं. त्याने लावला. पाणी ढिम्म.

“पाणी हलत नाय,” काळुराम म्हणाला.

हैबतरावांनी डोळा लावला. “चंद्र हलतोय.”

काळुरामचं डोकं चालेना. चौथरा हलत नाही, पाणी हलत नाही, मग हलतंय काय? घर? त्याने कठड्यावरून कुंडलिकेकडे पाहिलं. नदी आपल्या जागी होती. म्हणजे वाहत होती, पण जागी होती.

“बाबा, मी बघू का जरा?” सरू म्हणाली.

“बघ गो. तू तरी बघ.”

सरू दुर्बिणीशी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी सरकवताना ठेवावं, तसं एक बोट तिने नळीवर ठेवलं होतं. मग बोट तिथेच ठेवून ती बाजूला झाली. “आता बघा, काका.”

हैबतरावांनी पाहिलं. पाहतच राहिले.

“उभा आहे,” ते पुटपुटले. “चक्क उभा आहे.”

काळुरामने काहीच केलं नव्हतं. “सिमेंटला जरा वेळ द्यावा लागतो,” तो म्हणाला.

“मग ठरलं.” हैबतराव डोळा न काढता बोलत होते. “सुपारी आणायला सांगतो. एकच गोष्ट, काळुरामशेठ. लग्नानंतर कंपनी बंद. आमच्याकडे बायका नोकरी करत नाहीत. मुलगी एका जागी बसलेली बरी.”

दत्तात्रेयने चुळबुळ केली आणि बॅटरीचा उजेड दुर्बिणीवर पडला. तेव्हा काळुरामला दिसलं. नळीवरचं सरूचं बोट सरकत होतं. दिसेल न दिसेल इतकंच. चंद्र रोजच्यासारखा मावळतीला निघाला होता आणि पोरगी दुर्बीण त्याच्यामागोमाग नेत होती. चंद्र उगवतो आणि मावळतो हे काळुरामलाच काय, हौसाच्या कोंबड्यांनाही माहीत होतं. गच्चीवर आल्यापासून तेवढं कुणाला आठवलं नव्हतं.

सरूने बापाकडे पाहिलं. मग बोट काढून घेतलं.

“गेला,” हैबतराव म्हणाले. त्यांनी मान वर केली. “परत गेला. काळुरामशेठ, खरं सांगा, काम पक्कं आहे की कच्चं?”

दत्तात्रेयने बॅटरी विझवली.

काळुराम अंधारात उभा राहिला. आता त्याला सगळं कळलं होतं. नळीला नुसतं एक बोट लावायचं होतं. चंद्र परत आला असता, सुपारी फुटली असती, जोह्याचं नाव राहिलं असतं. त्याने चौथऱ्यावरचा तांब्या उचलला आणि त्यातलं न हललेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

“कच्चं हाय, साहेब,” तो म्हणाला. “आमची बैठक हलते.”