लाल चिठ्ठीचा अर्थ

"एनपीओ?" मावशीने फडकं बादलीत पिळत विचारलं.

"तोंडाने काही द्यायचं नाही."

"टीडीएस?"

"दिवसातून तीन वेळा."

"स्टॅट?"

"आत्ताच्या आत्ता. हातातलं टाकून."

"शाब्बास! आता तुम्हालाच ठेवतील इथे. माझी नोकरी घालवाल, अक्का."

अक्का हसली नाही. पाच दिवस झाले, तिचा धाकटा भाऊ काचेच्या दाराआड नळ्यांच्या गुंत्यात पडून होता. भेटायला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. काय झालंय विचारलं की डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणायचा, "प्रयत्न चालू आहेत." पाच दिवस तेच एक वाक्य. आणि भावाचं सगळं खरं त्याच्याच पायापाशी लटकलेल्या फायलीत लिहिलेलं, तुटक तुटक इंग्रजी अक्षरांत. शेवटी अक्काने ती अक्षरं मापाच्या वहीत उतरवून आणायला सुरुवात केली. वीस वर्षं हाच वॉर्ड पुसणारी मावशी तिला एकेकाचा अर्थ सांगायची.

अक्का शिवणकाम करायची. तिच्याही वहीत छा., कं., बा. असंच असायचं. गिऱ्हाइकाची कंबर किती वाढली ते शेजारणीला कळू नये म्हणून. इथे माणसाचा जीव किती उरलाय ते घरच्यांना कळू नये म्हणून लिहितात, असं तिचं ठाम मत झालं होतं.

"हे एक राहिलं." तिने वही पुढे धरली. "आज फाईल उलटी लटकवली होती म्हणून दिसलं. मागच्या बाजूला लाल चिठ्ठी आहे. डी, एन, आर."

मावशीचं फडकं फरशीवर थांबलं.

"तुमच्या पेशंटच्या फायलीवर नसेल ते."

"त्याच्याच आहे."

"मग डॉक्टरला विचारा."

"मावशी, तो घड्याळ बघतो. तुम्ही सांगा."

मावशीने मागेपुढे पाहिलं. आवाज खाली आणला. "हार्ट बंद पडलं तर पडू द्यायचं. छाती दाबायची नाही, झटके द्यायचे नाहीत. कुणी धावायचं नाही."

काल तीन नंबरच्या म्हाताऱ्याचं मशीन कोकललं तेव्हा चौघं धावले होते, एक तर पलंगावरच चढला होता. म्हातारा आज डोळे उघडून बघत होता. आपल्या भावाची वेळ आली तर असेच धावतील, या एका भरवशावर अक्का काल रात्री दोन घास खाऊन झोपली होती.

"हे ठरवतं कोण?"

"घरचं माणूस. सहीशिवाय चिठ्ठी लागत नाही. भरतीच्या वेळी कागदांचा हा एवढा गठ्ठा पुढे टाकतात, त्यातच असतो तोही कागद. माणूस घाबरलेलं, वाचतंय कोण? आणि समजावून सांगायला यांना वेळ कुठाय?"

घरचं माणूस. म्हणजे बायको.

आई गेल्यावर अक्कानेच भावाला वाढवलं. त्याचं लग्न तिने जमवलं, घर तिने लावून दिलं. तिला विचारल्याशिवाय त्या घरात खिळासुद्धा ठोकला जात नव्हता. आणि या बयेने तिला न विचारता त्याचा जीव लिहून दिला! पाच दिवसांत ही धड रडलीही नव्हती. आज तर सकाळपासून जागेवर नव्हती. दोनदा खालच्या रेकॉर्डच्या खिडकीशी कुजबुजताना दिसली होती.

दारातून नर्स डोकावली. "बीपी पडतंय त्यांचं. लांब जाऊ नका."

बीपीचा अर्थ अक्काला आता कुणी सांगायला नको होता. पडल्यावर पुढे काय होतं, तेही नको होतं.

भावजय जिना चढून येत होती. धापा टाकत, तोंड पांढरंफटक.

"डीएनआर म्हणजे काय, माहीत आहे तुला?" अक्काने तिला पायरीवरच गाठलं.

भावजयीची मान खाली गेली. "आज सकाळी कळलं."

"आणि माझ्यापासून लपवलंस?"

"तुम्हाला सहन झालं नसतं, अक्का. वाटलं, माझं मीच निस्तरेन."

"निस्तरतेस! सही कुणाची आहे त्यावर?"

"आपल्याच घरातली."

"माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांग!"

"खाली चला आधी. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

"चलच! फरफटत नेते."

अक्काने तिचं मनगट पकडलं. पण ओढावं लागलं नाही. दोन-दोन पायऱ्या टाकत भावजयच पुढे निघाली, आणि धापा अक्काला लागल्या. कान मात्र वरच होते. मशीन कोकललं तर? आणि कुणीच धावलं नाही तर?

खिडकीशी रांग होती. अक्का रांगेत घुसली. "ओ बाई, आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?" कुणीतरी ओरडलं. तिने ऐकलं नाही. भाऊ वर एकटा होता, आणि त्याच्यात आणि मरणात एवढी एक खिडकी होती.

"पाच नंबरची फाईल काढा. डीएनआर रद्द करायचं. स्टॅट!" ती काचेवर हात आपटत म्हणाली. "हिने सही केलीय, हीच खोडेल. पेन द्या हिला."

कारकुनाने चष्म्यावरून भावजयीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, सकाळपासून तीनदा सांगितलं तुम्हाला. तुमची सही चालत नाही. भरतीच्या कागदांवर ज्यांनी सह्या केल्यात, त्यांना घेऊन या."

भावजयीने आपलं मनगट सोडवून घेतलं, आणि अक्काचा हात धरून हळूच खिडकीतून आत सरकवला.

"आणलंय त्यांना," ती म्हणाली.