चौदा नंबरची घंटी

बस डेपोतल्या प्रोग्रामरच्या बढाया अशा, की हॉर्नलासुद्धा लाज वाटावी. डेपोच्या ॲपला प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोड लावायची, सोय केली आणि जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "आता डेपोत काही घडलं की ॲप नुसती दवंडी पिटणार. ऐकायला कान कुणीही लावा!" धुलाईवाल्यांनी लावला, डिझेलवाल्यांनी लावला. चौदा नंबरच्या ड्रायव्हरची बायको म्हणाली, "भाऊजी, आमच्या स्वयंपाकघरातही एक घंटी लावा. हे डेपोत पोचले की मी जेवण गरम करायला घेईन." पठ्ठ्याने उभ्या उभ्या प्लगइन लिहून दिलं.

वर्षभराने ड्रायव्हर हार्ट अटॅकने गेला. चौदा नंबरवर दुसरा माणूस आला. महिन्याने प्रोग्रामरला घंटी आठवली. तो तसाच त्या घरी धावला.

"वहिनी, घोडचूक झाली माझी. घंटी माणसाला जोडायची, ती मी गाडीला जोडली. रोज वाजत असेल. आत्ता काढतो."

तिने गॅस बारीक केला.

"राहू द्या, भाऊजी. माणसाला जोडली असतीत, तर त्याच दिवशी बंद पडली असती."