करंगळीजवळचं बोट

निकेशचं करंगळीजवळचं बोट अंगठ्याजवळच्या बोटापेक्षा चांगलं पाच मिलिमीटर लांब निघालं. कॉलेजच्या अभ्यासासाठी गावातल्या पोरांची बोटं मोजत फिरणाऱ्या रीताने आकडा लिहून घेतला आणि त्याचा हात सोडला. सुटल्या हातात लगेच मोबाइल आला. दहावीत दोनदा आपटलेलं पोर मान खाली घालून पुन्हा कुणाला तरी गोळ्या घालू लागलं.

"मंग याचा मतलब काय व पोरी?" त्याची आई रंभा म्हणाली.

"ठाम नाही सांगता येत, काकू. पण बाळ पोटात असताना त्याला पुरुषी हार्मोन जास्त मिळालं, तर हे बोट लांब होतं म्हणतात. अशा मुलांना गेमचं व्यसन लागायचा धोका थोडा जास्त असू शकतो."

रंभाला हार्मोन कळलं नाही. 'पोटात असताना' तेवढं पक्कं कळलं.

तिने अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ पाखडत बसलेल्या धाकट्या जावेकडे, सरिताकडे, पाहिलं. जावा-जावा उभा दावा म्हणतात, ते काही खोटं नाही. दोघी वीस दिवसांच्या अंतराने बाळंत झालेल्या. सरिताचा प्रणित दहावीत तालुक्यात पहिला आला, त्या दिवसापासून रंभाच्या पोटात नुसती आग होती. आज त्या आगीला कारण सापडलं.

"सातव्या महिन्यात मी बांधीतल्या चिखलात वाकून धानाचा रोवणा करत होती," ती मोठ्याने म्हणाली, "अन् सासूनं इले घरी बसवली होती. लेकराले पोटातच फरक पडला ना मंग!"

सरिताचं सूप चालूच राहिलं.

"प्रणितचंबी माप घे. होऊ दे दूध का दूध."

पायरीवर पुस्तक घेऊन बसलेल्या प्रणितने हात पुढे केला. रंभा पट्टीवर ओणवी झाली. जावेला काय काय ऐकवायचं, ते तिच्या जिभेवर तयारच होतं.

सात मिलिमीटर.

रीताने पुन्हा मोजलं. सातच.

"असं कसं?" रंभाचा आवाज चढला. "मंग हा काऊन नाई खेळत?"

आता सूप थांबलं.

"कशावर खेळन, बाई? निकेशले मोबाइल घेतला तवा तुमी तो पहिले प्रणितच्या नाकापुढं नाचवला. आमच्यानं घेणं झालं नाई. आठ दिवस धड जेवला नाई माहा पोरगा." सरिताने पदराने तोंड पुसलं. "मले तवा तुमचा लय हेवा वाटे, बाई. वाटे, माय असावं तर असं."

 

"माय, चार्जर आन," निकेश मान वर न करता म्हणाला.

आणि सवयीने रंभा उठलीसुद्धा.