ढब्बूच्या आईची माफी

“माफ करा हं,” समोरचीने तोंड उघडायच्या आतच ढब्बूची आई म्हणून मोकळी झाली. “पुन्हा चावला ना? फार लागलंय का हो तिला?”

बालवाडी नुकतीच सुटली होती. बूट ठेवायच्या खणांपाशी आयांची आणि एखाददुसऱ्या बाबांची दाटी झाली होती. कुणी खाली बसून बंद लावत होतं, कुणी हरवलेला मोजा शोधत होतं. ढब्बूची आई औषधांच्या दुकानातून धावतपळत यायची, आणि आल्या आल्या माफी मागायला लागायची. तिचा ढब्बू अडीच वर्षांचा, गोबऱ्या गालांचा आणि चावरा. काकडी चावावी तसे तो पोरांचे दंड चावायचा. सुट्टीच्या दिवशी बाकीच्या आया मुलांना घेऊन बागेत जमत, हिला कुणी बोलवत नसे. वाईट असं कुणीच वागत नव्हतं. फक्त ती जवळ आली की जो तो आपल्या मुलाचा हात जरा घट्ट धरायचा. घरी तिने ढब्बूला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी सासूबाईंच्या सांगण्यावरून खोटंखोटं रडूनही पाहिलं. ते रडणं त्याला फार आवडलं.

आता पुढ्यात बाहुलीची आई उभी होती. दातांची डॉक्टर. बागेत कधी जमायचं, कुणी काय आणायचं, ते हीच ठरवायची. तिच्याशी ढब्बूची आई आजवर ‘माफ करा’च्या पलीकडे एक अक्षर बोलली नव्हती.

आजही ती सांगतच सुटली. सकाळी त्याला बजावलं होतं, पोटभर खाऊ घालून पाठवलं होतं, दात शिवशिवतात म्हणून चघळायला रबरी कडंही दिलं होतं. बाहुलीची आई दोनदा बोलायला गेली, पण तिला मध्ये शिरायला जागाच मिळेना.

“अहो, थांबा ना जरा,” ती शेवटी म्हणाली. “तो नाही चावला. आमची चावली. त्याला.”

ढब्बूच्या आईने खाली पाहिलं. ढब्बू तिच्या पायाशी बसून उलटे बूट घालत होता. तिने त्याची बाही वर सारली. कोपराखाली बारीक दातांची कमान उमटली होती, लालचुटुक. तिला वाईट वाटलं, पण ते जरा मागून आलं. त्याच्या आधी छातीतून काहीतरी भलतंच हलकं वर आलं, आणि हसू दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

दिवसभर लोकांच्या तोंडात बेधडक हात घालणाऱ्या बाहुलीच्या आईला आता ते हात कुठे ठेवावेत कळेना. गाडीवरून भांडण झालं म्हणे, ती पुटपुटली. घरात असं कुणी करत नाही, कुठून शिकली देव जाणे. मागे जुळ्यांचे बाबा कुणाला तरी हळूच म्हणाले, दातांच्या डॉक्टरची मुलगी, दात मजबूत असणारच. दोघीतिघी हसल्या. त्या बागेत जमणाऱ्यांपैकीच होत्या. बाहुलीच्या आईने मागे वळून पाहिलं नाही.

“मला नीट माफी मागता येत नाही हो,” ती म्हणाली. “कधी वेळच आली नव्हती.”

“येते सवयीने.” ढब्बूची आई फरशीवर बसून बुटांची अदलाबदल करू लागली. “तिला आता रागावू नका. तीच जास्त घाबरली असेल.”

बाहुली आईमागे लपून अंगठा चोखत होती. ढब्बू उठला, एका पायात बूट घालून लंगडत तिच्यापाशी गेला, आणि त्याने दुसरा, धडका हात तिच्यापुढे धरला. बाहुलीने मान हलवून नको म्हटलं.

“हे सगळे आता...” बाहुलीच्या आईने वाक्य अर्धंच सोडलं.

“लांब राहतील थोडे दिवस,” ढब्बूची आई म्हणाली. मग दुसरा बूट हातात तसाच ठेवून, वर न बघता तिने सांगितलं, “सुट्टीच्या दिवशी आम्ही घरीच असतो. या की.”

बाहुलीची आई इस्त्रीच्या कपड्यांनिशी तिच्याशेजारी फरशीवर बसली. “आणि तिथेही चावली तर?”

“चावली तर चावली. तिथं आपण दोघीच.”