कोरडं चालतं

“हात नको लावूस त्या फिल्टरला!” इंदुताई कडाडल्या.

पंचफुलाने हात लावलेलाच होता. कॉफीचा पितळी फिल्टर तिने उचलला, वरचं भांडं काढून बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ऐसपैस मांडी घातली. अकरा वर्षं ती या घरी कामाला होती, पण स्वयंपाकघराचा उंबरा तिने आजच ओलांडला होता.

हैदराबाद शहरातल्या बरकतपुऱ्याचं ते बिऱ्हाड अर्धंअधिक लारीत चढलं होतं. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला चार दिवस उरले होते आणि इंदुताईंच्या यजमानांची, लक्ष्मणरावांची, नेमणूक मुंबई राज्यात, औरंगाबादला झाली होती. बदलीचं त्यांना काही नव्हतं. जीव अडकला होता तो कॉफीत. बी चिकमगळूरहून यायचं, फिल्टर कुंभकोणमचा, आणि मागच्या पडवीत भिंतीला जर्मन बनावटीचं दळायचं मशीन ठोकलेलं. पाहुणा आला की “आमच्या इंदूच्या हातची कॉफी घेऊन बघा” म्हणत स्वतःच आधी मिशा पुसायचे.

इंदूच्या हातची म्हणे! बी भाजायची पंचफुला, मागच्या अंगणात, लोखंडी कढईत. मशीनचा दांडा फिरवायची पंचफुला. डबा भरून उंबऱ्याशी ठेवायची पंचफुला. इंदुताई तेवढं उकळतं पाणी ओतायच्या. त्या घरचा धर्मच तसा होता: कोरडं चालतं, ओलं चालत नाही. भुकटी होईस्तोवर पंचफुलाचा हात सोन्याचा, आणि पाण्याचा थेंब पडला की तोच हात विटाळाचा. वा रे धर्म!

काल इंदुताईंनी स्वतः भाजून पाहिलं होतं. निम्मं बी कोळसा झालं, निम्मं कच्चं राहिलं. मग आवाज मऊ करून त्या म्हणाल्या होत्या, “जायच्या आधी एवढं शिकव गं मला.”

“शिकवते की,” पंचफुला म्हणाली होती. “पर भाजीन बी मी, दळीन बी मी, आन् पाणी बी मीच ओतीन. तुमी दोघांनी मह्या हातची प्यायची. पिल्याबिगर भाजणं कळत न्हाई, बाई.”

इंदुताईंना वाटलं, नुसती बोलतेय. आज सकाळी पंचफुलाने त्यांच्यासमोर बी भाजलं, दळलं, आणि डबा उंबऱ्याशी न ठेवता ती तो घेऊन सरळ आत आली.

“दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलीस, तेव्हापासून डोकं फिरलंय तुझं!”

“फिरलं न्हाई. जाग्यावर आलं.”

तिने भुकटी दाबून बसवली आणि उकळतं पाणी ओतलं. इंदुताईंनी तोंडाला पदर लावला, जसं काही घरात कुणी गेलं होतं.

थेंब थेंब कॉफीचं दाट डिकॉक्शन उतरू लागलं. वासासरशी लक्ष्मणराव आत आले. बाहेरून लारीवाला ओरडला, “साब, कित्ती देर होरी!”

“ठैरो जी,” असं म्हणून ते फिल्टरकडेच बघत राहिले.

पंचफुला खाली मान घालून बसली होती. या माणसाने कप उचलावा असं तिला मनापासून वाटत होतं. अजून वाटतं, याचाच तिला संताप येत होता. दीक्षा घेतली, देव सोडले, तरी या घरच्या एका घोटासाठी जीव टांगलेला! स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला झालं.

अखेर तिने दूध घातलं, साखर ढवळली. तीन कप भरले आणि दोन पुढे सरकवले. लक्ष्मणरावांचा हात आपसूक पुढे गेला.

“अहो!” इंदुताई म्हणाल्या.

हात मागे आला. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. “मला… सकाळपासून जरा पित्त झालंय.”

अकरा वर्षांत त्यांना कॉफीने कधी पित्त झालं नव्हतं.

पंचफुलाने तिसरा कप उचलला. या घरची कॉफी तिने आजवर प्यायलीच नव्हती; कधी एखादी बी चावून पाहिली असेल तेवढीच. कुणी दिली नव्हती, आणि आपण मागून घेऊन प्यायची नाही, हा तिचाही हट्ट होता. तिने एक घोट घेतला, कपाळाला आठी घातली, मग दुसरा घेतला.

“जळकी हाय,” ती म्हणाली.

“काय?” लक्ष्मणरावांचा चष्मा हातातच राहिला.

“कॉफी जळकी हाय तुमची. बाईंनी पहिल्या दिशी सांगितलं, बीवर तेल सुटंस्तोवर भाज. म्या भाजत आले. पर त्याच्या आधी एक वास येतो, गुळाच्या पाकावानी. वाटायचं, तो कपात उतरत आसंल. कशाचा उतरतोय! येवढी वर्षं म्या तो कढईतच जाळत होते.”

“इंदू, मी म्हणत नव्हतो? कुठंतरी कडवट लागते म्हणून!” लक्ष्मणराव दोन पावलं पुढे आले. “मग उतरवायचं कधी, पंचफुला? वास आल्याबरोबर, की थोडं थांबून? नीट सांग बाई. तिकडे कुणाला विचारू मी?”

बाहेर लारीचा भोंगा वाजला. पंचफुलाने आपला कप रिकामा केला, नळाखाली धरून विसळला आणि त्यांच्या भरल्या कपांशेजारी पालथा घातला.

“अकरा वर्षांत येक घोट पाजला आसता साहेब,” ती म्हणाली, “तर दुसऱ्याच दिशी सांगितलं आसतं.”