वेदनेचा आकडा

"शून्य," मनगटावरच्या पट्टीचा आकडा वाचून डॉक्टर निमकर म्हणाले. "मावशी, तुम्हाला काहीही दुखत नाहीये. घरी जा."

पार्वती पागधरे पोट धरून बाकावर वाकल्या होत्या. "अवो डॉक्टर, जीव चाललाय माझा!"

वेदना मोजणारी पट्टी आल्यापासून रुग्णालयात कुणी कुणाला कुठे दुखतंय हे विचारतच नसे. सिस्टर कुमुद तांडेल यांनी मात्र पार्वतीबाईंचं पोट चाचपलं. उजवीकडे खाली ते लाकडासारखं कडक लागलं.

"डॉक्टर, अपेंडिक्स फुटायला आलंय. मासे खारवून यांची कातडी राठ झालीय, तिच्यावर पट्टी चालत नाही."

"असेल. पण आकडा सातच्या वर गेल्याशिवाय ऑपरेशन थिएटरचं दार उघडत नाही. मी काय करू?"

कुमुदताईंनी पट्टी सोडवून स्वतःच्या मनगटाला बांधली. टेबलाचा लोखंडी खण उघडून त्यात डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि सगळा जोर लावून खण बंद केला.

पट्टीवर आठचा आकडा उमटला. थिएटरचं दार सरकलं.

"बघत काय उभे राहिलात?" डोळ्यांतलं पाणी न पुसताच त्या ओरडल्या. "घ्या यांना आत!"

पार्वतीबाई वाचल्या. चौथ्या दिवशी कुमुदताईंना नोटीस आली: यंत्राची फसवणूक केल्याबद्दल माफीनामा द्यावा, आणि असं पुन्हा करणार नाही अशी हमीही.

त्यांनी उजव्या हाताने ठसठशीत अक्षरात उत्तर लिहिलं, "माफी मागणार नाही. माझी अजून नऊ बोटं शाबूत आहेत."