समजलं ते परत सांगावं

२०२२ सालचा जून. उत्तरेतल्या एका शहराच्या लश्कर भागात, नई सडकेवरच्या एका कापड दुकानाच्या माडीवर प्रवास निधीची वार्षिक बैठक चालली होती. वीज गेली होती. कूलर बंद पडला होता आणि तिन्ही विश्वस्त उकाड्याने थकून गेले होते.

समोर हर्षिता बसली होती. ती गणितात पीएचडी करत होती. जर्मनीतल्या एका प्राध्यापक बाईंनी तिला ऑक्टोबरपासून तीन महिने बोलावलं होतं. राहायची सोय त्या करणार होत्या, तिकिटाची नाही. विद्यापीठाने सांगितलं, आधी जाऊन या, पैशांचं मग बघू. दुसऱ्या एका कार्यालयाने विचारलं, तिथे असं कोणतं यंत्र आहे जे इथे नाही? यंत्र नाही म्हटल्यावर अर्ज परत आला. तिचे वडील पडाव भागात ट्रकांच्या बुकिंगचं काम करत. हे शेवटचं दार होतं, आणि पुढची बैठक एकदम पुढल्या जूनमध्ये.

निधीचा नियम जुना. दक्षिणेतून इथे येऊन राहिलेल्या मराठी घरांतली मुलं पुण्याला शिकायला जाऊ लागली, तेव्हापासूनचा. जाणाऱ्याने काय शिकणार ते मराठीत सांगायचं, आणि अध्यक्षांनी आपल्याला समजलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. ते बैठकीच्या वृत्तांतात उतरलं की मंजुरी. अध्यक्ष रघुनाथराव आता चौऱ्याऐंशीचे होते. पूल, डोळ्यांचे आजार, धरणं, सगळं त्यांनी परत सांगितलं होतं. गणित कधी आलं नव्हतं.

हर्षिताने सुरुवात केली. "असं समजा आजोबा, की एक सतह आहे..."

"पृष्ठभाग," चिटणीस लक्ष्मीकांत म्हणाले.

"हां, पृष्ठभाग. मतलब, त्याला असं मोडलं..." ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा हिंदीत गेली.

लक्ष्मीकांतांनी रुमालाने मान पुसली. "घरी आईशी भांडतेस कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"मग हेही त्याच भाषेत भांड."

"आईला हिंदीत हरवता येत नाही, काका. म्हणून मराठीत."

शालिनीताई हसल्या. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि आज कोणी तरी हसावं असं त्यांना मघापासून वाटत होतं. पण हसणं तिथेच संपलं. खालून गाड्यांचे हॉर्न येत राहिले.

मग हर्षिता सावकाश बोलली. दोन आकार असतात. वेगळे दिसतात. ते खरंच वेगळे आहेत की एकच आहेत, हे ओळखायचं.

"तू ओळखलंस?" रघुनाथरावांनी विचारलं.

"नाही."

"त्या बाईंनी?"

"त्यांनीही नाही."

लक्ष्मीकांत म्हणाले की दोघींनाही येत नाही, मग जायचं कशाला. फोनवर बोला, आता तर चेहराही दिसतो. हर्षिता म्हणाली, बोलतोच की, दर मंगळवारी बोलतो. हे सगळं तिने आधीही दोन ठिकाणी सांगितलं होतं. पुढचं मात्र सांगितलं नव्हतं.

"काका, आमचं काम बोलण्याचं नाही. फळ्यासमोर बसायचं आणि गप्प राहायचं. कधी कधी अख्खी दुपार. फोनवर कोणी गप्प बसत नाही. दोन मिनिटं झाली की विचारतात, आवाज येतोय का?"

लक्ष्मीकांतांनी पेनाचं टोपण लावलं. रघुनाथरावांचे डोळे मिटलेले होते. ते झोपले असावेत असं शालिनीताईंना वाटलं.

"लिहा," ते डोळे न उघडता म्हणाले. "ही मुलगी परदेशी जाईल. एका बाईंबरोबर फळ्यासमोर गप्प बसेल. दोघींना जे येत नाही, ते येईपर्यंत."

"हे असं लिहू?"

"मला समजलं ते सांगितलं, लक्ष्मीकांत. नियम तेवढाच आहे."

लक्ष्मीकांतांनी टोपण काढलं.

हर्षिता गेली आणि डिसेंबरअखेर परत आली. त्या तीन महिन्यांत दोघींना ते आलं नाही. पुढे त्यातला एक लहान तुकडा सुटला, त्यावर तिला पदवी मिळाली. आता ती भोपाळला एका कॉलेजात शिकवते. बाकीचा भाग तसाच आहे. लक्ष्मीकांत अध्यक्ष झाले. नव्या मुलांना ते रघुनाथरावांचं वाक्य ऐकवतात, आणि तेव्हा आपणही लगेच हो म्हटलं होतं असं सांगतात. शालिनीताईंना गुडघ्यांमुळे माडी चढवत नाही.

रघुनाथराव त्या बैठकीनंतर पुन्हा माडीवर आले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. हर्षिता परतल्यावर शालिनीताई तिला किला गेटजवळ रघुनाथरावांच्या घरी घेऊन गेल्या. ती त्यांच्या खाटेजवळ बसली आणि काय झालं, काय नाही झालं, ते सगळं मराठीत सांगितलं. एकदाही हिंदीत गेली नाही.

शालिनीताई आत सूनबाईंशी बोलायला गेल्या. चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा सांगणं संपलेलं होतं. समोर चुन्याची कोरी भिंत होती. दोघं त्या भिंतीकडे बघत बसली होती, आणि कोणालाच काही विचारायचं नव्हतं.

शालिनीताईंनी चहा तसाच हातात धरून ठेवला.